पहिलं मत

मंडळी, तुम्ही तुमचं पहिलं मत कुठे दिलंत? गप्पांच्या बैठकीत हा प्रश्न टाकला की छान उत्तरं येतात. कुणी गावच्या मराठी शाळेतली रांग सांगतं, कुणी आजोबांना खुर्चीवर बसवून केंद्रावर नेल्याची आठवण काढतं. माझी पाळी आली की मात्र हशा होतो. कारण मी कराडचा, शिक्षकाचा मुलगा, भारतीय पासपोर्टवाला. आणि माझं आयुष्यातलं पहिलं मत मी दिलं ते युरोपच्या संसदेसाठी! तेही इंग्लंडातल्या लीड्स गावी, भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात बसून. मग ते पाकिटात घालून कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि लेक्चरला गेलो.

त्याचं असं झालं. १९९९ च्या लोकसभेच्या वेळी माझी अठरा वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने कमी होते. पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यातली नोकरी, आणि २००३ च्या सप्टेंबरात मास्टर्स करायला मी लीड्सला गेलो. हाइड पार्क भागात लाल विटांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी एकात आम्ही चौघे राहायचो. मी, मडगावचा एक मित्र, एक ग्रीक आणि एक चिनी. त्या हिवाळ्याच्या तोंडावर घरात एक फॉर्म येऊन पडला : या घरात कोण कोण राहतं, राष्ट्रीयत्व काय, वगैरे. गोवेकर म्हणाला, 'भर रे, मतदारयादीत नाव असलं की मोबाइलचं कनेक्शन लगेच मिळतं.' एवढ्या उदात्त हेतूनं मी नाव घातलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मताचा अधिकार असतो, हे मला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हतं.

२००४ हे वर्ष मजेचं होतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लोकसभेची निवडणूक. संपूर्ण देशात पहिल्यांदाच मतदान यंत्रं. मी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून १३ मेचा निकाल बघितला, वाजपेयींचं सरकार गेलेलं पाहिलं, पण माझा त्यात वाटा शून्य. नाव कराडच्या यादीत, मी लीड्समध्ये. आणि महिन्याभरात, १० जूनला, युरोपियन संसदेची निवडणूक. त्या वर्षी इंग्लंडातल्या चार विभागांत संपूर्ण मतदान टपालानं घेण्याचा प्रयोग होता, त्यात आमचा यॉर्कशायर. म्हणजे केंद्रावर जायचंच नाही, मतपत्रिका घरी येणार. छपाईला उशीर झाला म्हणून वर्तमानपत्रांत ओरड चालली होती, पण आमचं पाकीट आलं. माझ्या नावाचं एक, गोवेकराच्या नावाचं एक, ग्रीक मुलाचं एक. चिन्याचं नाही. तो बिचारा आमच्याकडे बघत नूडल्स खात होता.

त्या रविवारी कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला तेव्हा मी मोठ्या ऐटीत अण्णांना सांगितलं, 'अण्णा, मला मत आलंय.'

'कसलं मत?'

'युरोपच्या पार्लमेंटचं. पोस्टानं.'

पलीकडे क्षणभर शांतता. मग अण्णांचा आवाज एकदम बदलला. मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज तपासावा तसा. 'घोषणापत्र आहे का सोबत? साक्षीदाराची सही मागितलीय?'

मी पाकीट उघडून पाहिलं तर खरंच होतं. अण्णांना हे कसं ठाऊक? अहो, माझ्या वडिलांइतकं टपाली मतदान कराडात फार थोड्यांनी केलं असेल! हायस्कूलचे शिक्षक. प्रत्येक निवडणुकीला ड्यूटी. पाटण, महाबळेश्वर, कुठेतरी डोंगरातल्या शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून पेटी घेऊन जायचे. दुसऱ्यांचं मत नीट पडावं म्हणून दोन दिवस उपाशीतापाशी राबायचं आणि स्वतःचं मत मात्र पाकिटातून. घोषणापत्रावर साक्षांकन राहिलं, किंवा मतपत्रिका चुकीच्या पाकिटात गेली की मत बाद. 'शिक्षकांचीच मतं बाद होतात, लाज वाटते,' असं ते दर वेळी म्हणायचे.

तर त्या दिवशी कार्डावरची शिल्लक संपेपर्यंत अण्णांनी मला कुठला कागद कशात घालायचा, सही कुठे, तारीख कुठे, हे समजावलं. मी गोवेकराचा साक्षीदार झालो, तो माझा. पाकिटात मतपत्रिका दोन होत्या. एक लीड्सच्या महापालिकेची, तिच्यावर तीन फुल्यांपर्यंत मुभा. दुसरी युरोपची, तिच्यावर फक्त एक फुली, आणि तीही माणसाला नाही तर पक्षाला. मतांच्या प्रमाणात पक्षांनी आपल्या यादीतली माणसं वरून खाली पाठवायची. सगळा यॉर्कशायर आणि हंबर मिळून पन्नासएक लाख वस्तीचा एकच मतदारसंघ, खासदार सहा. मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. अण्णांनाही सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

विचारलं ते वेगळंच. पुढच्या रविवारी म्हणाले, 'मत कुठं बसून दिलंस?'

'स्वयंपाकघरात.'

'एकटा होतास?'

'नाही, सगळेच होतो.'

'हं,' एवढंच म्हणाले. ज्या माणसानं तीस वर्षं वर्गाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, कुणी डोकावलं तर त्याला बाहेर काढलं, त्याच्या त्या 'हं'मध्ये काय होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

बाकी त्या संसदेबद्दल त्यांना भारी कुतूहल. मीही मग वाचून वाचून सांगायचो. १९७९ पर्यंत सदस्य देशांच्या संसदा आपलेच खासदार तिथे पाठवत. त्या वर्षी पहिल्यांदा लोकांनी थेट निवडून दिलं, आणि त्या निवडून आलेल्या संसदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या सिमोन व्हेल, नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या फ्रेंच बाई. खासदार देशाप्रमाणे बसत नाहीत, विचारांच्या गटाप्रमाणे बसतात. जर्मन समाजवाद्याच्या शेजारी स्पॅनिश समाजवादी. मुख्य बैठका फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला, समित्या बेल्जियममध्ये ब्रसेल्सला, आणि सचिवालय लक्झेंबर्गला. ट्रंका भरभरून कागद इकडून तिकडे जातात. हे ऐकून अण्णा खूश झाले, म्हणाले, 'आपलं मुंबई आणि नागपूर बरं म्हणायचं.' त्या वर्षी १ मेला दहा नवे देश आल्यानं देश झाले पंचवीस, खासदार ७३२, अधिकृत भाषा वीस.

'वीस भाषा? मग भांडतात कसे?'

'कानाला यंत्र लावून, अण्णा.'

असो. निकाल लागला, ब्रिटनच्या वाट्याच्या ७८ जागांत युरोपमधून बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षाला चक्क बारा मिळाल्या. ज्या संसदेत बसायचं तीच नको म्हणून तिथे निवडून जायचं, याची आम्हाला तेव्हा गंमत वाटली होती. पुढे ती गंमत राहिली नाही.

इथे गोवेकर मित्राबद्दल थोडं सांगायला हवं. कतारमध्ये आपल्या ओळखीत गोव्याची इतकी कुटुंबं आहेत की हा प्रकार अनेकांना माहीत असेल. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुलांनातवंडांना, पोर्तुगालचा कायदा आपलं नागरिकत्व देतो. वडिलांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून मित्रानं लाल पोर्तुगीज पासपोर्ट घेतला होता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे निळा परत करावा लागला. त्या लाल पासपोर्टामुळे त्याची फी माझ्यापेक्षा कितीतरी कमी, व्हिसाची कटकट नाही, नोकरीला कुणाची परवानगी नाही. मी बँकेच्या कर्जावर शिकत होतो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? लिस्बन त्यानं तोवर पाहिलंही नव्हतं.

मी कोर्स संपवून दोन-तीन वर्षं तिकडे नोकरी केली आणि दोहाला आलो. तो स्विंडनला स्थायिक झाला, तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. मग आलं २०१६ चं सार्वमत. २३ जूनला ब्रिटननं ठरवायचं होतं, युरोपात राहायचं की जायचं. मतदार कोण? ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुलाचे नागरिक. म्हणजे आदल्या वर्षी कराडहून तिथे शिकायला गेलेल्या पोरालाही मत होतं, आणि बारा-तेरा वर्षं तिथे कर भरणाऱ्या, ज्याचं सगळं बिऱ्हाड त्या निकालावर टांगलेलं, त्या माझ्या मित्राला नव्हतं. कारण तो पोर्तुगीज! निळा पासपोर्ट ठेवला असता तर मत देता आलं असतं. त्यानं मला रात्री फोन केला, हसत होता. 'कितें करपाचें?' म्हणाला. त्या हसण्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

२०१९ ला तर कहरच. ब्रिटन अजून बाहेर पडलं नव्हतं, त्यामुळे मन मारून पुन्हा युरोपियन निवडणूक घ्यावी लागली. तारीख २३ मे. आपल्या लोकसभेचा निकालही त्याच दिवशी, २३ मेला! (ही दोन्ही बिऱ्हाडं १९९९ पासून पाच-पाच वर्षांनी बरोबर एकाच साली मतदान करतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.) मी दोहात ऑफिसमध्ये एका खिडकीत महाराष्ट्राचे आकडे उघडून बसलो होतो. दुपारी मित्राचा मेसेज : केंद्रावर गेलो, नाव खोडलेलं. युरोपीय नागरिकांनी 'मी इथेच मत देणार' असा एक जादा अर्ज द्यायचा होता, तो त्यानं दिला होता, पण यादीपर्यंत पोचलाच नव्हता. त्या दिवशी ब्रिटनभर अनेक युरोपीय असेच परत गेले.

मी त्याला धीर दिला. पण धीर देणाऱ्याचं स्वतःचं काय? महिन्याभरापूर्वी, २३ एप्रिलला, साताऱ्याचं मतदान झालं होतं, आणि मी गेलो नव्हतो.

परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मताचा अधिकार २०१० च्या कायद्यानं दिला, २०११ पासून तो लागू झाला. ६अ नंबरचा फॉर्म भरायचा, पासपोर्टवरच्या गावी नाव लागतं. अट एकच, मत द्यायला स्वतः हजर व्हायचं. अण्णा निवृत्तीनंतर या बाबतीत माझ्या मागे लागले होते. 'एकदा तरी ये. शाई लावून घे. मी सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या बोटाला लावली, माझ्या पोराच्या बोटाला नाही.' २०१४ ला फॉर्म राहिला. २०१९ ला आमच्या एका मोठ्या सिस्टिमचं काम एप्रिलअखेरीला सुरू व्हायचं होतं, 'पुढच्या वेळी नक्की' म्हणालो. 'लीड्सला बरा वेळ मिळाला होता,' अण्णा म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले की नाही ते आजही मला ठरवता येत नाही.

२०२१ च्या मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. तेव्हाची विमानं, तपासण्या, विलगीकरण... आपल्यापैकी अनेकांनी ते भोगलंय, त्यावर लिहीत नाही.

२०२४ च्या जानेवारीतच मी फॉर्म भरला. आमच्या ऑफिसात केरळचे सहकारी पुष्कळ, या विषयातले खरे वस्ताद. २०१९ मध्ये जगभरातून सुमारे पंचवीस हजार अनिवासींनी मत दिलं, त्यातले जवळजवळ सगळे केरळचे होते. मतदानासाठी गटागटानं विमानं भरून जातात. २०२४ ला केरळचं मतदान २६ एप्रिलला, नेमकं शुक्रवारी आलं. आमची सुट्टीच शुक्रवार-शनिवार. गुरुवारी रात्री गेले, रविवारी सकाळी बोटं दाखवत हजर! आमचं ७ मे, मंगळवार. साहेबाला सुट्टीचं कारण सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, 'मत द्यायला?' बायको म्हणाली, 'तिकिटाच्या पैशात आईंना नवा फ्रिज आला असता.' मग स्वतःच म्हणाली, 'जा. अण्णांसाठी जा.'

मुंबईला उतरून रात्रभर गाडीनं कराड. सकाळी सातला आईला घेऊन केंद्रावर गेलो. अण्णांचीच शाळा, त्यांचाच नववीचा वर्ग. आईचं पाच मिनिटांत झालं. माझं नाव सापडेना. तिथला तरुण मास्तर पानं उलटून हैराण, मागे रांगेत चुळबुळ सुरू. मी म्हटलं, 'सर, शेवटचं पान बघा.' परदेशस्थांची नावं यादीच्या अगदी शेवटी वेगळी असतात, हे मला केरळवाल्यांनी पढवून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर एकच नाव होतं. त्यानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आडनाव पुन्हा वाचलं. 'सर होते ना इथे, त्यांचे तुम्ही...?'

'हो.'

शाई लावताना तो जरा जास्तच लावतोय असं मला वाटलं. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेलो. बटण दाबलं, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पडली. त्रेचाळिसाव्या वर्षी, एकट्यानं, कुणी न बघता दिलेलं पहिलं मत. आई व्हरांड्यात बाकावर बसली होती. तिनं बोट हातात घेऊन पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. आम्ही चालत संगमावर गेलो, थोडा वेळ बसलो, आणि संध्याकाळी मी परतीच्या गाडीत.

पुढे आकडे वाचले तेव्हा कळलं, २०२४ च्या यादीत एक लाखावर परदेशस्थांची नावं होती, आणि प्रत्यक्ष मत देणारे तीन हजारांच्याही आत. मग मंडळी विचारतात, इथूनच ऑनलाइन का नको? तुम्ही आयटीवाले ना? प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं एक विधेयक २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेतून पुढे सरकलं नाही आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाते, निवडणूक आयोगानं २०२० मध्ये ती सोय आपल्याला देण्याचा प्रस्तावही मांडला होता. तांत्रिकदृष्ट्या जमेल. पण मला अण्णांचं ते 'हं' आठवतं. कतारमध्ये आठ लाखांच्या आसपास भारतीय. त्यातले किती जण आठ-आठ जणांच्या खोलीत राहतात ते आपण सगळे जाणतो. तिथे मोबाइलवर मत देताना खांद्यावरून कोण बघत असेल? खोलीतला पुढारी, कंत्राटदाराचा माणूस? आपल्यासारख्या व्हिलावाल्यांनी ऑनलाइन मागावं हे ठीक, पण आडोसा हवा तो त्यांना. वकिलातीत केंद्र ठेवावं तर ५४३ मतदारसंघ आणि सात टप्पे. अवघड आहे, तरी मला तोच मार्ग बरा वाटतो.

कारण ते होताना मी पाहिलंय. ९ जून २०२४, रविवार. आमच्या टीममधली फ्रेंच बाई दुपारी तासभर गायब. परत आली आणि म्हणाली, 'मत देऊन आले, युरोपचं.' तिच्या वकिलातीत पेटी होती. त्या दिवशी युरोपभर मतदान संपलं, ७२० जागा, सत्तावीस देश. ब्रिटन त्यात नाही, ते ३१ जानेवारी २०२० लाच बाहेर पडलं. माझे यॉर्कशायरचे सहा खासदार इतिहासजमा. (अण्णांचा कराड लोकसभा मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेत गेलाच की, आम्ही बापलेक त्या बाबतीत फिटंफाट.) त्याच संध्याकाळी दिल्लीत नव्या सरकारचा शपथविधी, आणि रात्री फ्रान्सच्या अध्यक्षांनी निकाल बघून स्वतःची संसद बरखास्त केली! सोमवारी बाईचा चेहरा उतरलेला. मी तिला माझं बोट दाखवलं. महिना झाला तरी नखावरची शाई होती, वाढत्या नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत होती. तिला ती फार आवडली. त्यांच्याकडे नुसती सही घेतात.

आणि मित्र? त्यानं आदल्या दिवशी, शनिवारी, स्विंडनहून लंडनला जाऊन पोर्तुगीज वकिलातीत मत दिलं. लिस्बन आता त्यानं पाहिलंय, म्हणे बरंचसं पणजीसारखं आहे.

आपण कतारमध्ये पाहुणे. इथल्या मतदानाचा आपल्याशी संबंध नाही. २०२१ च्या २ ऑक्टोबरला शूरा कौन्सिलच्या ४५ पैकी ३० जागांसाठी इथे पहिल्यांदा मतदान झालं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरातल्या सार्वमतानं पुन्हा नेमणुकीची पद्धत आली, एवढं माझ्या मुलाला शाळेतल्या मित्रांकडून कळलं. राहता राहिली आपल्या मंडळाची कार्यकारिणी, तर ती दर वर्षी बिनविरोधच होते, कारण उभं राहायला कुणी तयार नसतं!

मुलगा इथेच जन्मला, २००९ ला, आता अकरावीत आहे. त्याला शिकायला नेदरलँड्स नाहीतर जर्मनीला जायचंय. २०२४ ला जर्मनीत सोळा वर्षांच्या मुलांनी युरोपचं मत दिलं हे वाचून तो भलताच चिडला होता. परवा विचारत होता, 'बाबा, मी तिकडे गेलो तर मला तुमच्यासारखं मत मिळेल?' म्हटलं, नाही, ती ब्रिटनची मेहेरबानी होती. जर्मनीत त्यासाठी युरोपीय संघातल्या एखाद्या देशाचा पासपोर्ट लागतो. पुढची निवडणूक २०२९ ला, दोन्हीकडे. तेव्हा तो वीस वर्षांचा असेल. फॉर्म ६अ त्याला दाखवला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, फोनमध्ये स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाची आठवण लावली.

'यात साक्षीदाराची सही लागत नाही?' त्यानं विचारलं. लीड्सची गोष्ट त्याला पाठ आहे.

म्हटलं, 'नाही. पासपोर्ट लागतो. आणि तिकीट.'